बिलावर वीसचं बेअरिंग, इंजिनात स्टँडर्डचं

क्रँक, म्हणजे पिस्टनमुळे फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, मशीनवर घासण्याचे (ग्राइंडिंगचे) आणि नव्या बेअरिंगचे पूर्ण पैसे घेऊन एका मिस्त्रीने माझ्या ट्रॅक्टरचा क्रँक न घासताच परत बसवला. नुसता पॉलिश पेपर मारला आणि बेअरिंगच्या पाठीमागे ॲल्युमिनियमचा पातळ कागद सरकवून वेळ मारून नेली. हे सगळं सविस्तर लिहितो आहे, कारण एकदा ऑइल चेंबर बंद झाला की यातलं बाहेरून काहीच दिसत नाही. ज्यांचं इंजिन सध्या खोललेलं आहे, त्यांना मात्र ही चोरी आजच्या आज पकडता येईल.

इंजिन दोन सिलिंडरचं, छोटं. गरम झालं की ऑइल प्रेशरचा काटा खाली यायचा आणि लोड घेतला की खालून ठोका सुरू व्हायचा. मेन बेअरिंगचा, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो त्या बेअरिंगचा, ठोका दबका, जड असतो, तळातून येतो आणि लोडबरोबर वाढतो. मिस्त्रीने चेंबर उतरवून बेअरिंग काढून दाखवलं. तिथपर्यंत त्याचं सगळं बरोबर होतं. हे बेअरिंग म्हणजे वरची आणि खालची अशा दोन अर्धगोल पट्ट्या. त्यांची पाठ पोलादाची असते, तिच्यावर तांबूस धातूचा थर आणि त्याच्याही वर राखाडी रंगाचा अगदी बारीक मुलामा. माझ्या बेअरिंगचा मुलामा निघून खालचा तांबूस धातू पट्ट्यापट्ट्यांनी उघडा पडला होता. तो म्हणाला, "क्रँक वीसला घासावा लागेल, भाऊ. नाहीतर नवीन बेअरिंग घालून उपयोग नाही." वीसला म्हणजे इंचाचे वीस हजारांश, मिलिमीटरच्या हिशोबात ०.५०. जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, तेवढा बारीक करायचा आणि त्या मापाची अंडरसाईज बेअरिंग घालायची. बोलणं अगदी पटण्यासारखं होतं. इंजिन त्याच्याकडे सोपवलं.

काम झाल्यावर त्याने नव्या बेअरिंगची खोकी दाखवली, बिलावर "क्रँक ग्राइंडिंग, वीस साईज मेन आणि बिगएंड सेट" (बिगएंड म्हणजे पिस्टनच्या कनेक्टिंग रॉडचं क्रँकवर बसणारं टोक) असं लिहून दिलं आणि माझ्यासमोर इंजिन सुरू केलं. थंड इंजिनावर काटा टोकाला. ठोका नाही. जुनी बेअरिंग मागितली तर "भंगारात गेली" म्हणाला. ग्राइंडिंगवाल्याची पावती मागितली, तर "तो माझ्या खात्यावर लिहितो" हे उत्तर मिळालं.

नांगरटीला लावल्यावर थोड्याच दिवसांत काटा पुन्हा झोपायला लागला आणि ठोका आधीपेक्षा मोठा झाला. ट्रॅक्टर उभा केला आणि दुसऱ्या एका जुन्या जाणत्या फिटरकडे नेला. त्यांनी आधी ऑइल काढलं. ऑइल बोटांवर घेताच म्हणाले, हे या इंजिनाचं ऑइल नाही, फार जाड आहे. मग ऑइलचा जादा दाब सोडणारा रिलीफ वॉल्व्ह खोलला. स्प्रिंगच्या मागे एक जादा वॉशर टाकलेला होता. थंड असताना काटा टोकाला का गेला, ते तिथे कळलं. जाड ऑइल थंडपणी जोरात दाब धरतं, आणि वॉशरमुळे स्प्रिंग कडक झाली की वॉल्व्ह तो दाब लवकर सोडत नाही. ऑइल गरम होऊन पातळ झालं की ढिल्या बेअरिंगमधून ते वाहून जातं, तेव्हा वॉशर काही करू शकत नाही. म्हणूनच ज्याला लपवायचं आहे तो थंड इंजिन दाखवतो. प्रेशर बघायचंच तर इंजिन लोडवर चांगलं तापवून, मग स्लो रेसवर बघायचं.

मेन कॅप, म्हणजे मेन बेअरिंगला खालून धरणारा तुकडा, उतरवली आणि खालचं बेअरिंग बाहेर आलं. त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमची पट्टी चिकटलेली होती, उष्णतेने काळी पडलेली, कडेने चुरगळलेली. ती नखाने खरवडल्यावर पोलादावरचा शिक्का दिसला: एस टी डी. म्हणजे स्टँडर्ड. वीसच्या बेअरिंगवर ०.५० किंवा ०२० असा आकडा असायला हवा होता. मग त्यांनी जर्नलला मायक्रोमीटर लावला. मूळ माप ६० मिलिमीटर. वीसला घासला असता तर ५९.५० च्या आसपास भरला असता. एका बाजूने ५९.९३ भरला, काटकोनात फिरवून ५९.८५. म्हणजे क्रँक ग्राइंडिंगच्या मशीनवर चढलाच नव्हता. झिजून अंडाकृती झालेला तसाच्या तसा, वरून चकाकी आणलेला.

ही चकाकीच फसवते. ग्राइंडिंग केलेल्या जर्नलवरून नख फिरवलं तर कुठेही अडकत नाही आणि त्यावरच्या बारीक रेषा या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारख्या दिसतात. पॉलिश पेपर मारलेला जर्नलही आरशासारखा दिसतो, पण जुन्या चरांत नख अडकतं. माझ्या एका जर्नलवर ते चर स्पष्ट हाताला लागत होते.

पाठीमागचा कागद हा सगळ्यात वाईट प्रकार. बेअरिंगची पोलादी पाठ बैठकीला घट्ट चिकटून बसली तरच तिची उष्णता ब्लॉकमध्ये उतरते. मध्ये कागद आला की बेअरिंग पूर्ण टेकत नाही, लोडखाली लवतं, तापतं, आणि कधी जागेवरच फिरून ऑइलचं भोक बंद करतं. डिझेल इंजिनात मेन बेअरिंगचा मुख्य मार खालच्या अर्ध्यावर, म्हणजे कॅपमधल्या भागावर येतो. कागद नेमका तिथेच होता. शिवाय कनेक्टिंग रॉडच्या कॅपच्या तोंडावर कानशीचे ओरखडे सापडले. कॅप घासून ढिलाई कमी केली होती. त्याने रॉडचा गोल बिघडला. दोन्ही रॉडचे बिगएंड पुन्हा गोल करून घ्यावे लागले. पैसे गेले याचा राग आहेच, पण इंजिनाचे शाबूत भागही या माणसाने खराब केले, तो राग जास्त आहे.

पट्टी, बेअरिंगचे शिक्के आणि मायक्रोमीटरचं माप यांचे फोटो घेऊन मी त्याच्याकडे गेलो. आधी म्हणाला, "तुम्ही लोडवर लवकर घातलंत, म्हणून बसलं." मी शिक्क्याचा फोटो पुढे केला. मग पोराने चुकून बसवलं असेल, असं म्हणाला. माप वाचून दाखवल्यावर गप्प झाला. पुन्हा फुकट करून देतो म्हणाला, ते मी नाकारलं. बेअरिंगचे पैसे परत दिले. ग्राइंडिंगचे आणि मजुरीचे आजपर्यंत दिलेले नाहीत.

दुसऱ्या वेळी काम माझ्यासमोर झालं. चर खोल असल्यामुळे क्रँक ०.२५ वर साफ झाला नाही, खरोखरच ०.५० वर न्यावा लागला. ग्राइंडिंगवाल्याने प्रत्येक जर्नलचं माप पावतीवर लिहून दिलं. कोपऱ्यातली गोलाई राखली आहे ना, हे फिटरनी बोट फिरवून पाहिलं. तिथे काटकोन राहिला तर क्रँक तिथूनच चिरतो. क्रँकमधल्या ऑइलच्या वाटांचे प्लग काढून, आत अडकलेली ग्राइंडिंगची भुकटी धुऊन काढली. ती राहिली तर नवं बेअरिंग पहिल्याच तासात खाते. बांधून झाल्यावर डिझेल बंद ठेवून नुसता सेल्फ मारला, काटा हलल्यावरच इंजिन सुरू केलं.

तुमचं इंजिन खोललेलं असेल तर ग्राइंडिंगची पावती मापांसह मागा, आणि कॅप बसवायच्या आधी तिथे हजर राहा. बेअरिंग उलटं करून पाठीवरचा आकडा स्वतः वाचा, तो पावतीवरच्या मापाशी जुळला पाहिजे. पाठ कोरडी, स्वच्छ आणि मध्ये काही न घातलेली असली पाहिजे. जुनी बेअरिंग काढल्या काढल्या ताब्यात घ्या. "भंगारात गेली" हे उत्तर मिळालं तर टॉर्क पाना लावू देऊ नका, आधी एक कॅप उतरवून दाखवायला सांगा. आणि नुसत्या खोक्यांचे फोटो काढून थांबू नका. माझ्याकडेही ते होते, आणि वाद झाला तेव्हा कामाला आला तो फक्त शिक्क्याचा फोटो.