१९९५ चं डब्ल्यूडब्ल्यूएफ की २००० चं डब्ल्यूसीडब्ल्यू: पडता काळ बघायचा तर कुठला?

ॲटिट्यूड एरा, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन रेसलिंग कंपनीचा नव्वदच्या दशकाच्या शेवटचा गाजलेला काळ, बघून झाला, आता त्याच्या आगेमागे काय बघू, असं विचारलं की जुने चाहते हमखास दोन वर्षांची नावं घेतात आणि लगेच कपाळाला हात लावतात. एक १९९५ चं डब्ल्यूडब्ल्यूएफ, दुसरं २००० चं डब्ल्यूसीडब्ल्यू, म्हणजे तिची प्रतिस्पर्धी कंपनी. दोन्ही कंपन्यांची अगदी गाळातली वर्षं. तरीही त्यांच्याबद्दल बोलायला बसलं की हीच मंडळी थांबत नाहीत. दोन्ही सलग बघण्याइतका वेळ कुणाकडेच नसतो. एकच घ्यायचं तर मी १९९५ घेईन. काही जणांना मात्र २००० जास्त आवडेल, आणि त्यांचंही बरोबर असेल.

आधी १९९५ चं रडगाणं. स्टेरॉइडच्या खटल्यातून डब्ल्यूडब्ल्यूएफचे मालक विन्स मॅकमॅहन जुलै १९९४ मध्ये निर्दोष सुटले, पण तोवर कंपनीची पुरती दमछाक झाली होती. कंपनीचा जुना मोठा तारा हल्क होगन त्याच उन्हाळ्यात डब्ल्यूसीडब्ल्यूकडे गेला. त्याच्यासारखाच उंचापुरा कुणीतरी हवा म्हणून डिझेल, म्हणजे केव्हिन नॅश, पुढे आणला. त्याने नोव्हेंबर १९९४ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बॉब बॅकलंडला आठ सेकंदांत चीत करून किताब घेतला आणि जवळजवळ वर्षभर तो सोडला नाही. डिझेलमध्ये रुबाब होता, पण समोर कोण, तर सिड आणि मेबल. अशा लढतींत हेडलॉक लागला की पाणी पिऊन यायला वेळ मिळतो.

खालच्या फळीत तर सगळा बलुतेदारांचा मेळा. कचरागाडीवाला ड्यूक ड्रोझी, डुकरं पाळणारा हेन्री गॉडविन, अर्धा बैल मँटॉर, शर्यतीच्या गाड्या चालवणारा बॉब ‘स्पार्क प्लग’ हॉली. दातांचा डॉक्टर आयझॅक यांकम हा तर या सगळ्यावरचा कळस! मजा अशी की यांकमच्या वेशातला ग्लेन जेकब्स दोन वर्षांत केन म्हणून परतला आणि २०१८ मध्ये टेनेसीतल्या नॉक्स काउंटीचा महापौर झाला. कचरागाडीवाल्याच्या वाट्याला असं काही आलं नाही.

आपल्याकडे ही माणसं टीव्हीइतकीच पत्त्यांमधून पोचली. रँक, हाइट, वेट, चेस्ट असे आकडे छापलेले डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते ज्यांनी मधल्या सुट्टीत खेळले, त्यांच्या लेखी योकोझुना म्हणजे ‘वेट’ला हमखास जिंकून देणारं पान. १९९५ चा योकोझुना बघताना तेच वजन रिंगमध्ये किती जड झालंय ते दिसतं. त्या मंडळींना हे वर्ष आपोआप जवळचं वाटेल, आणि त्यात गैर काही नाही.

आता २०००. इथे रडगाणं वेगळं. १९९५ मध्ये कल्पना सुचत नव्हत्या, २००० मध्ये दर दहा मिनिटांनी एक सुचत होती. डब्ल्यूडब्ल्यूएफमधून ऑक्टोबर १९९९ मध्ये आणलेला लेखक व्हिन्स रूसो जानेवारीत बाजूला झाला. १६ जानेवारीला क्रिस बेन्वाने किताब जिंकला, दुसऱ्या दिवशी तो रिकामा घोषित झाला, आणि महिना संपायच्या आत बेन्वा, एडी गरेरो, डीन मलेन्को आणि पेरी सॅटर्न समोरच्या कंपनीच्या, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफच्या, ‘रॉ’ या साप्ताहिक कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसलेले दिसले. १० एप्रिलला रूसो आणि कंपनीचा जुना कारभारी एरिक बिशॉफ एकत्र परतले, सगळे किताब एका फटक्यात रिकामे केले आणि तरुण विरुद्ध म्हातारे असा सामना लावला. कल्पना वाईट नव्हती. पण तरुणांना खलनायक केलं आणि ज्या म्हाताऱ्यांना लोक कंटाळले होते त्यांना नायक. इथेच माशी शिंकली.

दोन आठवड्यांत किताब नट डेव्हिड आर्केटच्या कमरेला. निमित्त त्याच्या सिनेमाच्या जाहिरातीचं. तो स्वतः रेसलिंगचा चाहता, त्यालाही हे पटलं नव्हतं. मिळालेले पैसे त्याने दिवंगत रेसलर ओवेन हार्ट आणि ब्रायन पिलमन आणि रिंगमधल्या अपघातात अपंग झालेला डॅरेन ड्रोझडॉव्ह यांच्या कुटुंबांना दिले. त्यानंतर किताब इतक्या झपाट्याने हात बदलत राहिला की सप्टेंबरमध्ये खुद्द रूसोच विजेता झाला तेव्हा धक्काही बसत नाही. रोज मरे त्याला कोण रडे.

वेळ किती जाईल

हा हिशोब बहुतेक लोक करत नाहीत, आणि इथेच १९९५ स्वस्तात पडतं. तेव्हाचं ‘रॉ’ एका तासाचं. मेपासून सुरू झालेले ‘इन युअर हाउस’ शो साधारण दोन तासांचे. (पहिल्याच शोमध्ये एका प्रेक्षकाला ऑरलँडोतलं खरंखुरं घर बक्षीस दिलं होतं.) २००० मध्ये मात्र डब्ल्यूसीडब्ल्यूचे दर आठवड्याचे कार्यक्रम, ‘नायट्रो’ दोन तास, ‘थंडर’ दोन तास, शिवाय दर महिन्याचा मोठा शो. शिवाय एक भाग चुकला की पुढचा कळत नाही. १९९५ मधले दोन महिने सोडून द्या, काही बिघडत नाही. हा त्या वर्षाचा दोष, पण आपल्या सोयीचा.

रिंगमधलं काम

माझा कौल इथे ठरतो. १९९५ च्या डब्ल्यूडब्ल्यूएफकडे ब्रेट हार्ट, शॉन मायकल्स, रेझर रॅमन, ओवेन हार्ट, वन-टू-थ्री किड एवढी माणसं होती आणि त्यांना लढत पूर्ण करायला वेळ मिळत होता. १९ नोव्हेंबरची सर्व्हायव्हर सिरीज घ्या. ब्रेट विरुद्ध डिझेल, अपात्र ठरवायचं नाही असा नियम. ब्रेट सुरुवातीपासून पायांच्या मागे लागतो, कारण एवढ्या उंच माणसाला पाडायचा तोच रस्ता. मग डिझेल त्याला रिंगच्या कडेवरून ढकलतो आणि ब्रेट खालच्या समालोचकांच्या टेबलावर कोसळतो, टेबल मोडतं. पुढे टेबलं मोडणं नेहमीचं झालं, पण या घडीला प्रेक्षक खरोखर दचकतात. डिझेल त्याला शेवटच्या पॉवरबॉम्बसाठी (उचलून पाठीवर आपटायचा डाव) उचलू बघतो, तर ब्रेट चिंध्यांच्या बाहुलीसारखा खाली गळतो. डिझेल क्षणभर गाफील, आणि तेवढ्यात ब्रेट त्याला गुंडाळून चीत करतो. हरल्यावर डिझेल जो चवताळतो, तो अख्ख्या वर्षातला त्याचा सगळ्यात उत्तम अभिनय.

जुने चाहते म्हणतात की १९९५ सोसावं ते पुढच्या सुगीसाठी. ॲटिट्यूड एराचा नायक स्टीव्ह ऑस्टिन यायचा होता, ‘नायट्रो’ने ४ सप्टेंबरला सुरू होऊन डिवचलं होतं वगैरे. मला हे अर्धंच पटतं. ही लढत बघायला पुढचं काही माहीत असावं लागत नाही.

२००० मध्ये अशी लढत शोधावी लागते. कुणीतरी धावत येतं, गिटार डोक्यात फुटते, घंटा वाजते, संपलं. गुणी लोक नव्हते असं नाही. थ्री काउंट आणि युंग ड्रॅगन्स या दोन टोळ्यांच्या लढती आजही टवटवीत आहेत. लान्स स्टॉर्मने एकाच उन्हाळ्यात तीन किताब जिंकले, त्यांना कॅनडाची नावं दिली, अमेरिकेच्या बेल्टवर मेपलच्या पानाचा स्टिकर चिकटवला, आणि हे सगळं कपाळावरची आठीही न हलवता केलं. विनोद म्हणून हे १९९५ च्या कुठल्याही विनोदापेक्षा सरस. पण त्याच कंपनीने माइक ऑसमसारख्या धिप्पाड, चपळ माणसाला सत्तरीच्या दशकातले कपडे घालून फिरवलं, तेव्हा काय बोलणार?

तरीही एक गोष्ट फक्त २००० कडेच आहे: डोळ्यांदेखत बुडणारी कंपनी. ९ जुलैचा बॅश ॲट द बीच बघा. होगनसमोर घंटा वाजते आणि जेफ जॅरेट न लढताच आडवा पडतो. होगन माइक घेऊन रूसोकडे बघत सुनावतो की कंपनीची ही दशा अशाच प्रकारांमुळे झाली, जॅरेटच्या छातीवर पाय ठेवतो आणि निघून जातो. पुन्हा डब्ल्यूसीडब्ल्यूत तो आलाच नाही. थोड्या वेळाने रूसो येऊन होगनवर भर रिंगमध्ये तोंडसुख घेतो. यातलं किती ठरवलेलं आणि किती खरं, यावर अजून वाद चालतात. त्याच रात्री बुकर टी पहिल्यांदा विजेता होतो आणि लोक मनापासून ओरडतात. एवढ्या घाणीत हा एक निर्मळ क्षण.

तेव्हा कुस्ती बघायची असेल तर १९९५: रेसलमेनिया ११ मधली शॉन-डिझेल, समरस्लॅममधली शॉन-रेझरची शिडीची लढत (वर टांगलेला बेल्ट शिडी चढून काढायचा; शॉनला पहिल्या उडीत बेल्ट सापडत नाही आणि तो शिडीवरच राग काढतो), सर्व्हायव्हर सिरीज, आणि डिसेंबरमधली ब्रेट-डेव्ही बॉय स्मिथ. चार संध्याकाळींत काम होतं. पडद्यामागच्या भानगडींचा नाद असेल तर २०००: १० एप्रिलचा ‘नायट्रो’, बॅश ॲट द बीच, आणि मग मधलं सगळं सोडून थेट २६ मार्च २००१ चा शेवटचा ‘नायट्रो’, जिथे कंपनी विकत घेणारे मॅकमॅहन पडद्यावर येतात आणि अखेरची लढत स्टिंग आणि रिक फ्लेअरची होते.

किंग ऑफ द रिंग १९९५ पूर्ण बघायच्या फंदात मात्र कुणीच पडू नये. फिलाडेल्फिया हे ईसीडब्ल्यू या छोट्या प्रतिस्पर्धी कंपनीचं गाव. त्या गावात मेबल आणि साव्हियो व्हेगाची फायनल लावली, तेव्हा लोक विन्सच्या तोंडावर कुठल्या कंपनीच्या नावाचा गजर करत होते तेवढं ऐका आणि बंद करा.