रिकॉल झालेला पेसमेकर आणि आमचे 2,03,800 रुपये

कंपनीने फुकट बदलून दिलेला पेसमेकर डीलरच्या माणसाने मला 1,42,500 रुपयांना विकला. कुठे आडबाजूच्या खेड्यात नाही, नाशकात, मुंबई नाक्यापासून हाकेच्या अंतरावर, हॉस्पिटलच्या कॅथ लॅबच्या, म्हणजे पेसमेकर बसवतात त्या खोलीच्या, दाराशी उभं राहून. त्यावर ऑपरेशन, बेड आणि औषधं मिळून 46,300. आणि ‘कंपनीकडे डिपॉझिट, महिनाभरात खात्यावर परत’ म्हणून आणखी 15,000. एकूण 2,03,800. यातला एक रुपया अजून परत आलेला नाही. प्रकरण ग्राहक आयोगात आहे म्हणून नावं लिहीत नाही. प्रकार मात्र सगळा लिहितो.

आईला कंप्लीट हार्ट ब्लॉक आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्यातला इशारा खाली पोचतच नाही, ठोका पडतो तो मशीनच्या जोरावर. पेसमेकर 2021 मध्ये बसवला, तेव्हा आठ-दहा वर्षं चिंता नाही असं सांगितलं होतं. मग हॉस्पिटलातून फोन आला की त्या मॉडेलचा रिकॉल निघालाय, म्हणजे दोष सापडल्याने कंपनीने माल परत बोलावलाय, बॅटरी मुदतीआधीच उतरू शकते. डॉक्टरांनी नीट समजावलं. रिकॉल निघाला म्हणून प्रत्येकाचा पेसमेकर काढत नाहीत, कारण जखम पुन्हा उघडली की इन्फेक्शनचा धोका वाढतो. काहींना नुसतं तपासणीवर ठेवतात. पण तुमच्या आईंचा स्वतःचा ठोकाच नाही, त्यांचा बदलायला हवा. वायरी त्याच राहतील, वरची डबी नवी. डॉक्टरांवर माझा राग नाही. पुढचं सगळं ‘कंपनीच्या माणसा’ने केलं, आणि तो कंपनीचा नव्हताच, डीलरचा होता.

त्याची पद्धत तुमच्या ओळखीची असेल. आधी भरा, नंतर क्लेम करू. “भाऊ, रिकॉलचा माल आहे, पैसे कंपनीच देणार. फक्त बिल तुमच्या नावावर फाडावं लागतं, त्याशिवाय क्लेम उभा राहत नाही. आईंची तारीख लांबवू नका.” हे शेवटचं वाक्य तो प्रत्येक वेळी म्हणायचा.

आता तो क्षण. पैसे यूपीआयने एका मोबाइल नंबरवर मागितले. 1,00,000 गेले आणि पुढचे जाईनात, दिवसाची मर्यादा संपली. स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्यातरी बाईचं. फर्मचं नाही, हॉस्पिटलचं नाही. नोंदणी केलेल्या हॉस्पिटलच्या खात्यावर यूपीआयने पाच लाखांपर्यंत भरता येतात. लाखावर अडकलं आणि नाव बाईचं, म्हणजे ते हॉस्पिटलचं खातं नव्हतंच. माझ्या हातातला फोन मला हे सांगत होता, आणि मी त्या माणसाला म्हणालो, “उरलेले सकाळी टाकतो.” सकाळी 42,500 टाकले.

त्यानंतर नव्या पेसमेकरचा खोका. त्याने माझ्यासमोर फोडला, आतले स्टिकर सोलून एक फाइलला लावला, एक आईच्या पेसमेकर कार्डावर, आणि रिकामा खोका घडी घालून स्वतःच्या बॅगेत कोंबला. किमतीच्या जागी पांढरी पट्टी चिकटवलेली होती. मी विचारलं, छापील किंमत दिसत नाही? “इम्पोर्टेड मालाला असंच असतं, भाऊ.” साफ खोटं. बाहेरून येणाऱ्या उपकरणावरही आयात करणाऱ्याचं नाव, लायसन्स नंबर आणि एमआरपी लागतेच. पण आई आत टेबलावर होती. अशा वेळी कुठला मुलगा पट्टी नखाने खरवडत बसेल? ज्यांना हे बाहेरून सोपं वाटतं, त्यांनी त्या दाराबाहेर उभं राहून बघावं.

जुनी डबी मी मागितली होती. “ती कंपनीला तपासायला जाते,” म्हणत त्याने इंग्रजी फॉर्मवर आमची सही घेतली. ती खरंच कंपनीकडे गेली, आणि तिच्याच बदल्यात नवी फुकट आली! कंपनीला सिरीयल नंबर टाकून मेल केला तेव्हा उत्तरात स्वच्छ लिहून आलं: या नंबरचं उपकरण वॉरंटीत विनामूल्य बदलून दिलेलं आहे. मला मिळालेल्या बिलावर सिरीयल नंबरच नव्हता. बिलावर सिरीयल नंबर आणि जीएसटी नंबर नसेल तर पैसे देऊ नका, माणूस कितीही गोड बोलो.

यानंतर सुरू झाली टोलवाटोलवी. कंपनी म्हणते डीलरशी बोला. डीलर म्हणतो तो पोरगा आता आमच्याकडे नाही. हॉस्पिटल म्हणतं पैसे आमच्या काउंटरवर भरलेच नाहीत. अहो, पण तो तुमच्या कॅथ लॅबच्या दारात तुमचा पास गळ्यात घालून उभा होता ना? मेडिक्लेमवाल्यांनी उपकरणाचा क्लेम नाकारला, का तर रिकॉलचा खर्च उत्पादकाचा. म्हणजे उत्पादकाने दिलंय हे त्यांनाही मान्य, फक्त मी भरलेले पैसे कुणालाच दिसत नाहीत. पोलीस स्टेशनात साहेबांनी कागद न उलटता ‘दिवाणी मामला आहे’ सांगितलं. खोटं सांगून, खोक्यावर पट्टी चिकटवून पैसे उकळणं दिवाणी कसं? उत्तर नाही. ज्या सरकारी खात्याचं हे कामच आहे तिथे अर्ज घेतला, शिक्का मारला, आणि नंतर ‘फाइल मुंबईला गेली’. मुंबईत विचारलं तर फाइल नाशिकलाच. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या छातीतल्या मशीनची ही किंमत!

मुळात कायद्यातच भोक आहे. वैद्यकीय उपकरण नियम 2017 मध्ये रिकॉल आहे, पण तो माल परत घेण्याचा आणि सरकारला कळवण्याचा. शरीरात बसलेला माल काढायच्या ऑपरेशनचे पैसे कुणी द्यायचे, हे त्यात नाही. एएसआर नावाच्या कृत्रिम हिप सांध्याचा रिकॉल ऑगस्ट 2010 मध्ये निघाला आणि आपल्याकडच्या सरकारी समितीने किमान 20 लाख भरपाईची शिफारस केली 2018 साली. अमेरिकेतसुद्धा 2017 च्या सरकारी तपासात निघालं की रिकॉल झालेल्या किंवा लवकर बंद पडलेल्या सात हृदय-उपकरणांपायी तिथल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याचे 150 कोटी डॉलर गेले आणि रुग्णांच्या खिशातून सुमारे 14 कोटी. तिथे निदान हॉस्पिटलला उपकरण फुकट मिळालं तर बिलात तसं लिहावं लागतं. आपल्याकडे ती ओळ नाही, म्हणून या लोकांचं फावतं.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 मात्र धरून ठेवा. उत्पादक, विक्रेता, सेवा देणारा, तिघांवरही दावा लागतो. पाच लाखांपर्यंत फी नाही, ऑनलाइन दाखल होतो, पण मुदत दोन वर्षांची आहे, ती घालवू नका. माझ्या अर्जावर हॉस्पिटलने म्हणणं मांडायला मुदत मागितली आहे आणि डीलरचा वकील अजून हजरच झालेला नाही.

ऑपरेशनआधी कंपनीलाच मेल करून लेखी विचारा: डबीचे कोण देणार, ऑपरेशनचे कोण देणार. खोक्याचे फोटो सहाही बाजूंनी काढा. जुनी डबी देताना तिच्या सिरीयल नंबरसह पोच घ्या. डिपॉझिट नावाचं काही नसतं. आणि नाशकात तुमच्या घरी कुणाचा रिकॉलमधला पेसमेकर बदलला असेल, तर कार्डावरचा नंबर आजच कंपनीला पाठवून विचारा, हा विकला होता की बदलून दिला होता. उत्तर ‘बदलून दिला’ असं आलं आणि तुम्ही पैसे भरलेले असतील, तर मला कळवा. आयोगापुढे माझ्या एकट्याच्या कागदापेक्षा दोघा-तिघांचे कागद जड पडतील.