वसतिगृहाच्या दारावरचा कार्बन-बोर्ड: तापकीर गल्लीतला संच घ्यावा का?

वसतिगृहाचं वीजबिल रेक्टरांच्या फायलीत जातं. ज्यांनी वीज वापरली त्यांना ते कधी दिसतच नाही. ते दिसावं म्हणून हा संच; वापरलेल्या विजेमागे किती कार्बन डायऑक्साइड पडला ते तो बोर्डावर दाखवतो: आरएस-४८५ (आकडे वायरीनं बाहेर पाठवायची सोय) असलेलं थ्री-फेज मल्टिफंक्शन मीटर, तीन स्प्लिट-कोअर सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे वायरीभोवती उघडून बसवायच्या, करंट मोजणाऱ्या कड्या), एक ईएसपी३२ (छोटा प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर), दोन पी१० एलईडी पॅनेल (आकडे दाखवणारे फलक) आणि ५ व्होल्टचा एसएमपीएस (पॅनेलना वीज देणारा पॉवर सप्लाय). पुण्याच्या बुधवार पेठेत तापकीर गल्ली पायी फिरलात तर बहुतेक माल एकाच फेरीत हाती लागतो. मोजमापाला दहापैकी आठ, जोडणीच्या सोपेपणाला जेमतेम चार.

चार का, तर सगळी गडबड सीटीत होते. एका फेजचा सीटी उलटा बसला की त्या फेजची वीज वजा होते आणि तिन्ही फेजवर सारखा लोड असेल तर एकूण आकडा एक तृतीयांशावर येतो. बोर्ड व्यवस्थित चालू दिसतो, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. दोन फेजच्या सीटींची अदलाबदल झाली तर त्याहून वाईट: गिझरसारख्या लोडवर बेरीज जवळपास शून्य होते. म्हणून आधी मीटरवर प्रत्येक फेजचा पॉवर फॅक्टर (व्होल्टेज आणि करंट किती जुळून चालतात ते सांगणारा आकडा; गिझरसारख्या लोडवर तो १ च्या जवळ हवा) वेगवेगळा पाहा. वजा किंवा ०.५ च्या आसपास दिसला तर वायरमनला परत बोलवा. सीटी १००/५ (मुख्य वायरीत १०० अँपिअर असताना सीटीतून मीटरकडे ५) असेल तर मीटरमध्ये तेच गुणोत्तर भरा. ५/५ तसंच राहिलं तर वापर विसाव्या हिश्श्याइतकाच दिसेल. आणि चालू लोडवर सीटीची दुय्यम बाजू (मीटरकडे जाणाऱ्या दोन वायरी) कधीही उघडी ठेवू नका. टोकांवर जीवघेणा व्होल्टेज येतो; आधी एस१-एस२ ही सीटीची दोन टोकं एकमेकांना जोडून शॉर्ट करायची, मगच मीटरची वायर काढायची. हे काम परवानाधारक वायरमनचंच, रोबोटिक्स क्लबचं नव्हे.

मीटर ते ईएसपी३२ हा भाग मुलांनी खुशाल करावा. आकडे येतच नसतील तर आरएस-४८५ च्या ए-बी वायर उलटून बघा. भलतेच आकडे येत असतील तर ३२ बिटांच्या संख्येतल्या दोन रजिस्टरांचा (मीटर एक आकडा ज्या दोन तुकड्यांत पाठवतं त्यांचा) क्रम उलटा लागलाय. एकाच वायरवर दुसरं मीटर जोडलंत तर त्याचा पत्ता (मीटरमध्ये भरलेला ओळख-क्रमांक) बदला; दोन्ही १ वर राहिली तर एकाचंही धड वाचता येत नाही.

आता कार्बन. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबानं देशाच्या ग्रिडवर युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. हा गुणक प्रोग्रॅममध्ये पक्का न लिहिता सेटिंगमध्ये ठेवा, कारण तो दरवर्षी बदलतो. जनरेटरची वीज याच मीटरमधून येत असेल तर वेगळा गुणक हवा: एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो, आणि त्यातून साधारण तीन-साडेतीन युनिटं. छतावरच्या सोलरची जोडणी मीटरच्या आधी असेल, म्हणजे त्याची वीजही याच मीटरमधून येत असेल, तर ०.७ नं गुणणं म्हणजे मुलांवर नाहक आळ घेणं. तिथे सोलरला स्वतंत्र मीटर लावा.

बोर्डावर नुसते किलो दाखवू नका, कुणी ढुंकूनही बघत नाही. 'काल याच वेळेपर्यंत' आणि 'आज' असे दोनच आकडे, तेही विंगनिहाय, म्हणजे चढाओढ लागते. बाजूला छापील कागद चिकटवा: १५०० वॅटचा रॉड २० मिनिटं म्हणजे ३५० ग्रॅम, रिकाम्या खोलीत ७५ वॅटचा पंखा आठ तास म्हणजे ४२० ग्रॅम. जागा मेसच्या रांगेसमोरची; पोर्चमध्ये फक्त पाहुणे वाचतात.

एक तक्रार बोर्डाबद्दलच. पॅनेल पूर्ण उजेडावर रात्रभर जळत राहतात. २० वॅट धरले तरी दिवसाला जवळपास अर्धं युनिट. उजेड कमी करा आणि रात्री ११ ते सकाळी ६ बंद ठेवा, मोजणी मीटरमध्ये चालूच राहते. एसएमपीएस मात्र गॅरंटीचाच घ्या, पावसाळ्यात पहिला तोच जातो.