ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी: नऊ महिन्यांनंतर

गेल्या जुलैत माझ्या मांड्या जिने चढताना भरून यायच्या. नडगीचं हाड अंगठ्याने दाबलं की कळ जायची. तपासणीत ड जीवनसत्त्व निघालं ९ नॅनोग्रॅम. २० च्या खाली गेलं की कमतरता धरतात. आई म्हणाली, "पुण्यात राहून उन्हाची कमतरता?" पण मी सकाळी कोथरूडहून कंपनीच्या बसने हिंजवडीला जाते, दिवसभर काचेच्या इमारतीत असते आणि दिवेलागणीला घरी येते. काचेतून उजेड येतो, ऊब येते. त्वचेत ड तयार करणारे अतिनील-ब किरण मात्र काच अडवते.

डॉक्टरांनी आठवड्याला एक अशा आठ पुड्या दिल्या. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं, म्हणून रविवारी जेवणानंतर सायीच्या दुधात ढवळून घ्यायचे. पहिला महिना काहीच जाणवलं नाही आणि मी निराश झाले होते. सहाव्या आठवड्यात नडगीची कळ गेली. दिवाळीनंतर पर्वतीच्या १०३ पायऱ्या मधे न थांबता चढले, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत आकडा ३४. मधल्या काळात पुन्हा तपासू नका, पैसे जातात. रक्तातली पातळी सावकाश बदलते.

आता जे झालं नाही तेही सांगते. केस गळायचे थांबले नाहीत. थकवाही राहिला, तो कमी हिमोग्लोबिनचा निघाला. ड चं मुख्य काम आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला मदत करणं. ते कमी पडलं की शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं. माझी दुखणी त्यातली होती म्हणून गेली. प्रत्येक दुखण्यावर ही पुडी लागू पडत नाही. अमेरिकेत २५,०००हून जास्त लोकांवर, रोज २,००० युनिट देऊन, काही वर्षं मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली आले: कर्करोग किंवा हृदयविकाराचं प्रमाण कमी झालं नाही. त्या लोकांची निवड कमतरता बघून केलेली नव्हती, हेही लक्षात घ्या.

आणि हे कृपा करून वाचाच. माझ्या आत्याने हीच आठवड्याची पुडी दीड महिना रोज घेतली. चिठ्ठीवरचं अक्षर लागलं नाही आणि दुकानात कोणी समजावून सांगितलं नाही. उलट्या, बद्धकोष्ठता, सतत तहान, मग बोलण्यात असंबद्धता. रक्तात कॅल्शियम फार वाढलं होतं. सलाईन लावून आठ दिवस दवाखान्यात काढले. जास्तीचं ड लघवीवाटे चटकन निघून जात नाही, चरबीत साठून राहतं. मूत्रपिंडाला त्यातून इजा होऊ शकते. मुतखड्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

मला आता महिन्याला एकच पुडी आहे. सुट्टीच्या दिवशी साडेअकराला गच्चीवर पंधरा-वीस मिनिटं बसते, हात कोपरापर्यंत उघडे ठेवून. आपल्याकडे बाळाला कोवळ्या उन्हात धरतात, मीही आधी सकाळी सातलाच जायचे. पण तेव्हा अतिनील-ब फार कमी असतात. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ते पुरेसे मिळतात.

आत्या बरी आहे. तिच्या सगळ्या औषधांच्या पाकिटांवर मी आता जाड पेनाने वार लिहून देते.