प्रवासात हाताने शिवायचंय? डबा, पाऊच की रोल, आणि आत काय काय ठेवायचं

गाडी स्टेशनात शिरतेय, हातात अर्धा जोडलेला कापडी षटकोन, सुईत दोरा ओवलेला, आणि आता पटकन उठायचंय. त्या क्षणी सुई कुठे ठेवणार? माझी एकदा सीटच्या फटीत गेली, उतरायची वेळ झाली तरी सापडली नाही, आणि तिथे नंतर कोण बसलं असेल या विचाराने मला दिवसभर चैन पडलं नाही. तेव्हापासून नवीन किट बघताना मी खिसे मोजत नाही, आधी एवढंच बघते की एका हाताने, न बघता, सुई सुरक्षित ठेवता येते का.

मुख्य प्रकार तीन. पत्र्याचा छोटा डबा, चेनचा पारदर्शक पाऊच आणि खिसेवाला कापडी रोल.

पत्र्याचा डबा मला सगळ्यात आवडतो. तळहाताएवढा असतो, झाकण उघडून मांडीवर ठेवला की ताटलीसारखा वापरता येतो, कापलेला दोऱ्याचा तुकडा पण त्यातच टाकायचा. कात्रीचं टोक त्यातून बाहेर येत नाही. झाकणाला आतून एक पातळ लोहचुंबक चिकटवलं की सुई नुसती जवळ नेली तरी टक् करून बसते. तोटा एकच पण मोठा, बॅगेत झाकण उघडलं तर सगळं सांडतं, म्हणून भोवती जाड रबरबँड लावायचाच. आणि त्यात फक्त छोटं काम मावतं, म्हणजे कागदी साच्यांवर कापड दुमडून केलेले दहा-बारा षटकोन, एक रीळ, कात्री, बास.

पाऊचमध्ये क्विल्टचा (म्हणजे तुकडे जोडून केलेल्या गोधडीचा) मोठा ब्लॉक, म्हणजे जोडून झालेला चौकोन, सपाट राहतो आणि काय कुठे आहे ते बाहेरूनच दिसतं. पण मऊ असल्यामुळे मांडीवर त्याचा काही उपयोग नाही, सगळं एका कोपऱ्यात गोळा होतं, आणि कात्रीला कव्हर नसेल तर टोक प्लास्टिक फाडून बाहेर येतंच. रोल दिसायला फारच सुंदर, उलगडला की सगळं ओळीने मांडलेलं, पण तो उलगडायला जागा लागते, बसमध्ये दोन्ही हात अडकलेले असताना तो जमत नाही. मुक्कामी जाणार असाल तर रोल घ्या. रोज तासभर प्रवास असेल तर डबा. लांबचा प्रवास असेल तर पाऊचमध्ये डबा ठेवून न्यायचा, मी तेच करते.

आता सुया. क्विल्टिंगसाठी ‘बिटवीन्स’ म्हणून आखूड सुया मिळतात, नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक आणि आखूड, त्यामुळे सुरुवातीला ९ किंवा १० घ्या, १२ नंबरच्या नेढ्यात हलत्या गाडीत दोरा ओवणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. तुकडे जोडायला थोड्या लांब ‘शार्प्स’ बऱ्या पडतात. दोरा ओवायचा तारेचा थ्रेडर हलका आणि स्वस्त, पण त्याची तार बारीक नेढ्यात ओढली की तुटते. नेढ्याला वरून खाच असलेल्या, दोरा दाबून बसवायच्या सुया गुंडी लावायला ठीक आहेत, पण धावदोऱ्याच्या कामाला मला नाही पटत कारण खाचेत दोरा घासून विसकटतो आणि मध्येच सुटतो पण. त्यापेक्षा घरीच, चांगल्या उजेडात, रिळाच्या दोऱ्यात सात-आठ सुया एकापाठोपाठ एक ओवून ठेवा. लागली की बाकीच्या सुया रिळाकडे मागे सरकवायच्या, पुढच्या एका सुईबरोबर साधारण ४५ सेंटिमीटर दोरा ओढून कापायचा, झालं. यापेक्षा लांब दोरा घेतला की गुंता आणि गाठी आल्याच.

सुया ठेवायला चुंबक की फेल्टची, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरी कापडाची, वही? चुंबक झटपट, पण सुया त्यावर फार दिवस राहिल्या की त्यांच्यातच थोडं चुंबकत्व येतं आणि त्या एकमेकींना चिकटायला लागतात, शिवाय मॅग्नेटिक पट्टीच्या कार्डांपासून तो लांब ठेवायचा. म्हणून शिवताना चुंबक आणि मुक्कामाला फेल्ट, दोन्ही हवेत.

कापायला स्प्रिंगची छोटी स्निप्स (दाबून दोरा कापायची कात्री), घडीची कात्री की गळ्यात घालायचं गोल पात्याचं पेंडंट? पेंडंट हाताशी असतं पण त्यावर फक्त दोरा कापला जातो, कापडाचा कोपरा छाटता येत नाही. घडीची कात्री टोकाने नीट कापत नाही असा माझा अनुभव. मी कव्हरवाली छोटी एम्ब्रॉयडरी कात्री नेते. विमानाने जाणार असाल तर त्या त्या देशाचा नियम आधी बघा, अमेरिकेत पिव्हटपासून (पाती जोडणाऱ्या खिळ्यापासून) ४ इंचांपेक्षा छोटी पाती असलेली कात्री केबिन बॅगेत चालते पण आत पातं असलेलं पेंडंट मात्र चेक-इन सामानातच द्यावं लागतं.

अंगुस्ताना, म्हणजे सुई ढकलताना बोटात घालायची टोपी, चामड्याचाच घ्या. धातूचा मजबूत असतो, पण उकाड्यात बोट सुजलं की घट्ट होतो आणि गार हवेत सैल होऊन पडतो, सिलिकॉनच्या आत घाम येतो. टाचण्यांऐवजी प्लास्टिकच्या क्लिपा न्या, खाली पडल्या तरी कुणाच्या पायात घुसत नाहीत. फक्त क्विल्टच्या मधल्या भागात त्या पोचत नाहीत, तिथे घरूनच कच्चा टाका घालून निघायचं.

खुणेच्या पेनांबद्दल मात्र नीट वाचा कारण इथे काम वाया जातं. निळं पेन पाण्याने जातं, पण धुण्याआधी इस्त्री फिरली तर खूण पक्की बसते, माझ्या फिकट पिवळ्या ब्लॉकवर तपकिरी रेषा अजून आहेत. जांभळं पेन हवेनेच उडतं, कधी कधी दुसऱ्या दिवशी, त्यामुळे आठवडाभर रेंगाळणाऱ्या कामाला ते नको. उष्णतेने जाणारं पेन साधारण ६० अंश सेल्सियसला अदृश्य होतं, पण शून्याखाली बरंच थंड झालं की रेषा परत दिसू शकते. प्रवासाला मला हेरा मार्कर, म्हणजे बोथट धारेची छोटी पट्टी, सगळ्यात भरवशाचा वाटतो, त्यात शाई नाहीच, नुसती दाबून चुणी पडते, सांडायला काही नाही आणि उडायलाही काही नाही, फक्त गडद प्रिंटवर ती चुणी शोधावी लागते.

आणि फेल्टच्या वहीत सुया मी तीन-तीनच्या दोन ओळीत टोचते. उतरायच्या आधी वही उघडली की मोजायला लागत नाही, एखादी जागा रिकामी असेल तर लगेच दिसते आणि सीट चाचपायला वेळ मिळतो.