नोटा जमवताना: आकड्यामागे जायचं की छपाईमागे?

नोटा जमवायला लागलं की पहिल्या काही दिवसांतच दोन वाटा दिसतात. एक क्रमांकाची: ०००००१, ७७७७७७, १२३४५६, ७८६. दुसरी छपाईची: सही कुणाची, वर्ष कोणतं, छापखाना कोणता. हातात पैसे बेताचे आणि संध्याकाळी वेळ बरा असेल, तर माझं मत छपाईच्या बाजूने आहे. मात्र आकड्यांचं आकर्षण खोटं नाही, म्हणून आधी त्यांच्याकडे बघू.

आकड्यांचं दुर्मीळपण हे शाळेतलं गणित आहे. सहा आकडी क्रमांक असतील तर एका प्रीफिक्सच्या, म्हणजे आकड्यांआधी छापलेल्या अक्षर-अंकांच्या एका गटाच्या, जास्तीत जास्त दहा लाख नोटा. त्यांत सगळे आकडे सारखे, म्हणजे सॉलिड, फक्त नऊ. दोन्हीकडून वाचल्या तरी तोच क्रमांक येणाऱ्या ‘रडार’ नोटा, त्या नऊ धरून, ९९९. आणि कुठेतरी सलग ७८६ असलेल्या? ३,९९९. म्हणजे दर अडीचशे नोटांमागे एक! तिच्यासाठी जास्त मोजायला हरकत नाही, पण ते श्रद्धेपोटी मोजतोय हे ठाऊक असावं. शिवाय प्रीफिक्स संपला की पुढचा सुरू होतो आणि पुन्हा तेवढ्याच नोटा तयार होतात.

मागणी तर हवेसारखी फिरते. २०१६ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने पाच पौंडांची पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकची, नोट काढली, तेव्हा ‘एके४७’ प्रीफिक्सवर ऑनलाइन लिलावात उड्या पडल्या. ते प्रीफिक्स एका नोटेचं नसतं, पुढच्या सहा आकड्यांसकट ते हजारो-लाखो नोटांवर असतं, हा हिशेब बोली लावताना किती जणांनी केला असेल?

या वाटेची जमेची बाजू म्हणजे पुस्तक लागत नाही. पाकिटातली नोट काढा, आकडा वाचा, संपलं. विकतानाही समोरच्याला समजावत बसावं लागत नाही.

छपाईच्या वाटेवर मात्र भिंग लागतं आणि चिकाटीही. भारतीय दहा रुपयांच्या नोटेचंच बघा. गव्हर्नरची सही बदलते. २००५ च्या मालिकेपासून मागच्या बाजूला छपाईचं वर्ष येतं. क्रमांकाच्या मागे फिकट छापलेलं इनसेट अक्षर कधी असतं, कधी नसतं. पुढे रुपयाचं चिन्ह आलं आणि २०१५ नंतर डावीकडून उजवीकडे मोठे होत जाणारे आकडे आले. वरवर सारख्या दिसणाऱ्या नोटांचं अख्खं कुटुंब तयार होतं, आणि त्यातली बरीचशी दर्शनी किमतीतच मिळतात. एक रुपयाची गंमत वेगळीच: ती भारत सरकारची नोट, त्यामुळे तिच्यावर अर्थसचिवांची सही. मनमोहन सिंग यांची सही म्हणूनच एक रुपयाच्या नोटेवर अर्थसचिव म्हणून सापडते आणि पुढे रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर गव्हर्नर म्हणून. या दोन नोटा शेजारी ठेवायला आकड्यांचं भाग्य लागत नाही.

कधीकधी क्रमांकच छपाईची गोष्ट सांगतो. पहिल्या मालिकेच्या युरो नोटांवर क्रमांकाचं पहिलं अक्षर देशाच्या बँकेचं: एक्स जर्मनी, यू फ्रान्स, एस इटली. छापखान्याचा संकेत वेगळा, चित्रात बारीक दडवलेला. आणि दोघांचा देश एकच असेल असं नाही.

खोटेपणाचं भय दोन्हीकडे आहे, पण सारखं नाही. आकडा खरवडून नवा छापणं हा फॅन्सी नंबरचा जुना रोग. क्रमांक बहुधा सगळ्यात शेवटी, दाब देऊन छापतात. नोट तिरकी धरून मागच्या बाजूला दाबाची खूण दिसते का ते बघावं. छपाईतल्या चुकांच्या, म्हणजे एरर नोटांच्या बाबतीत शाई रसायनाने उडवून ‘अर्धवट छपाई’ बनवतात. साध्या सही-इनसेटच्या नोटेसाठी एवढी मेहनत सहसा कुणी घेत नाही.

अवस्थेचं सांगायचं तर करकरीत, घडी न पडलेली नोट दोन्हीकडे हवी. सॉलिड नंबरला एखादी घडी माफ होते, सर्वसाधारण सहीच्या नोटेला होत नाही. इस्त्री करू नका, धुऊ नका, पीव्हीसीच्या पिशव्या टाळा.

दोन्हींच्या मधे कुठे बसायचंच असेल, तर स्टार नोटा. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी येणारी ही बदली नोट. भारतात पूर्वी खराब नोटेच्या जागी त्याच क्रमांकाची दुसरी घालत. २००६ पासून प्रीफिक्स आणि आकड्यांच्या मधे तारा आला. अमेरिकेत तो क्रमांकाच्या टोकाला असतो.

अमेरिकेच्या २०१३ च्या मालिकेत तर एक घोळ झाला. ‘बी’ अक्षराने सुरू होणाऱ्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या, एक डॉलरच्या स्टार नोटांचे तेच क्रमांक वॉशिंग्टन आणि फोर्ट वर्थ या दोन्ही छापखान्यांत छापले गेले, साठ लाखांहून अधिक. नुसता आकडा बघणाऱ्याला त्या नोटा एकसारख्याच वाटतील. फोर्ट वर्थच्या नोटेवर पुढच्या बाजूला प्लेट क्रमांकाआधी (छपाईच्या साच्याच्या क्रमांकाआधी) बारीक ‘एफडब्ल्यू’ असतं, वॉशिंग्टनच्या नोटेवर नसतं. ती जोडी जुळवायला लोक आजही एकमेकांचे क्रमांक ताडून बघतात.