टेंडन ट्रान्सफरनंतरची थेरपी: शिकवणं झकास, पायऱ्या वैताग
चार स्टार. पाचवा दारातल्या पायऱ्यांनी खाल्ला.

माझी मानेच्या मणक्याची इजा, सी-६ म्हणजे मानेतल्या सहाव्या पातळीची. मनगट वर उचलता येतं, पण बोटं अन् अंगठा स्वतःहून मिटत नाहीत. पुण्यात अंगठ्याचं टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) ट्रान्सफर केलं. ब्रेकिओरेडिअलिस नावाचा कोपर वाकवणारा स्नायू मनगटाजवळ सोडवून अंगठा वाकवणाऱ्या टेंडनला जोडला. कोपरासाठी बायसेप्स आहेच, त्यामुळे तिथं फारसं अडत नाही. प्लास्टर निघाल्यावर सोलापुरात थेरपी इथं घेतली.

जोडलेल्या स्नायूला नवं काम लगेच कळत नाही, त्याला कोपरच वाकवायची सवय. इथल्या थेरपिस्ट मॅडमनी "अंगठा हलवा" असं म्हटलंच नाही. हात धरून म्हणाल्या, "काका, मी अडवते, तुम्ही कोपर वाकवायला बघा." जोर लावला तर अंगठा येऊन तर्जनीच्या कडेला टेकला! मी बघतच राहिलो. मग हळूहळू कोपर न हलवता तेच जमवायचं. सरावाला शेंगा, किल्ली, एटीएम कार्ड. आता चमचा हाताला पट्ट्यानं न बांधता धरतो. कडक भाकरीचा तुकडा दही-चटणीत बुडवून खातो, मोडून मात्र अजून बायकोच देते.

आणखी एक. याआधी दुसरीकडं एक फिजिओ मनगट मागं वाकवून वर बोटं सरळ ताणायचे. सी-६ वाल्यांनो, हे करू देऊ नका. मनगट उचललं की आपली बोटं थोडी मिटतात ती टेंडनच्या ताणामुळं. तो ताण सैल पडला की पकड गेली. इथं बोटं सरळ करताना मनगट आधी खाली सोडतात. मला तेवढ्यावरच विश्वास बसला.

आता तक्रार. व्हीलचेअरवाले पेशंट घेता अन् दाराला रॅम्प नाही, हे कसं चालेल? शिवाय हॉलमध्ये नुसते पंखे. आमच्यासारख्यांना इजेच्या खाली घाम येत नाही, अंग तापत जातं. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० च्या वर, त्यात दुपारची वेळ म्हणजे चक्करच. सकाळची पहिली वेळ मागा, ओला टॉवेल सोबत ठेवा. अन् निघताना फोन करा, खुर्ची उचलायला माणसं दारात येतात.